ताडकळसच्या अंगणात मी गप्प राहिलो

मांडीवर उशी, उशीवर पाट आणि पाटावर कागद ठेवून मी हे लिहितो आहे. गेली सतरा-अठरा वर्षं थंडीत मला आडवं पडून धड झोपता आलेलं नाही. ज्यांना दमा आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमची उशी डोक्याखाली कमी आणि छातीपुढंच जास्त असते.

ही उशी परभणीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या एका गृहस्थांनी मला दिली. ते गंगाखेडचे टांगेवाले. मला म्हणाले, "आप्पा, तुमाला लिवता येतंय. ह्या दुखण्याचं कायतरी लिवून ठेवा. लोक अंगारे-धुपारे करत मरायलेत." मी हो म्हणालो. माझ्याकडं सांगण्यासारखं जे आहे त्यात दुखणं थोडं आहे आणि दुखण्यापायी मी जे केलं ते जास्त आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

कापसाचा आडोसा

मानवतला कापसाच्या जिनात मी रुईची पारख करीत असे. गाडीवरचा कापूस चिमटीत धरायचा, धागा ओढायचा आणि त्याची लांबी, ताकद सांगायची. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत जिनातल्या हवेत कापसाचं बारीक तूस भरलेलं असे. भुवयांवर तूस, पाण्याच्या माठावर तूस, बायकांच्या केसांत तूस. तिथं सगळेच खोकत. त्यामुळं माझा खोकला कित्येक वर्षं कुणाला वेगळा वाटला नाही. मलाही वाटला नाही.

एका पौषात सरकीच्या ढिगाजवळ मी गुडघ्यांवर बसलो आणि मला उठता येईना. छातीत हवा शिरत होती पण बाहेर निघत नव्हती. बुडताना असं होत असावं असं वाटलं. मला घरी आणलं. वैद्यबुवांनी माझ्या पाठीला कान लावला आणि म्हणाले, "दमा हाय. ह्यो जातो तो दम घेऊनच जातो. तवर सोबत करायची."

माझी बायको कमळा पदरात तोंड घालून रडायला लागली. मी पहिलं काय बोललो असेन? बरं कसं होईल, हे विचारलं नाही. "कुणाला सांगू नका," असं म्हणालो.

वैद्यबुवा हसले. "म्या न्हाई सांगत. पर तुमची छाती गल्लीभर ऐकू येयलीय, तिला कोण सांगणार?"

लपवायला मला कारणं होती. जिनात कळलं असतं तर पारखीवर दुसरा बसवला असता. आणि घरात महानंदा होती, आमची एकुलती मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. दमेकऱ्याच्या घरची पोर कोण करून घेणार? म्हणून धाप लागली की मी "घशात कापूस गेला" असं म्हणायचो. मानवतात हे कुणालाही पटत असे.

धोतरा

गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळामागं धोतऱ्याची झाडं होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला चिलीम दिली. धोतऱ्याचं वाळलेलं पान. चार झुरक्यांत माझी छाती मोकळी झाली. तोंडाला कोरड पडली, डोळ्यांपुढं अक्षरं पुसट झाली, पण हवा आत-बाहेर जायला लागली. मी देवळाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

आम्ही शिवाचे लोक. धोतऱ्याचं फूल आणि फळ आम्ही दर सोमवारी महादेवाला वाहतो. जे देवाच्या माथ्यावर चढतं ते भक्ताला कसं बाधेल, असं मी मानलं. पुढं धोतऱ्याची पिशवी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात कायम राहिली.

महानंदा नऊ वर्षांची असताना एका पहाटे मला तिच्या छातीतून शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी मी ओळखतो. तशी दुसरी कुठलीच नसते. कमळा म्हणाली, "सर्दी झालीय." मी म्हणालो, "हो, सर्दीच." पुढं तिला दर थंडीत दोन-चार वेळा ही सर्दी होत राहिली. मी तिला शिकवलं, की धाप लागली तर माजघरात जायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, पदराचा बोळा तोंडावर धरायचा आणि आवाज होऊ द्यायचा नाही. ती हुशार होती. लवकर शिकली.

आण

पंधराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. ताडकळसचं घर, शेतीवाडीचं, आमच्यातलंच. मुलगा शांत होता. व्याही मोकळ्या मनाचे, विहीणबाई बोलायला फटकळ पण हाताच्या उदार. मला असं घर परत मिळालं नसतं.

हळदीच्या आदल्या दिवशी मी महानंदाला देवघरात बोलावलं. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. लहानपणी अय्या, म्हणजे आमचे जंगम गुरू, ते बांधतात आणि मरेपर्यंत ते देहावेगळं करायचं नसतं. त्याच्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मी म्हणालो, "हात ठेव. म्हण, त्या घरात दम्याचं नाव काढणार न्हाई. मी सांगेपर्यंत न्हाई."

"आप्पा, धाप लागली तर काय म्हणू?"

"म्हण, सर्दी झालीय."

तिनं हात ठेवला आणि म्हटलं. मला फार बरं वाटलं. एवढं मोठं काम किती सोप्यात झालं, असं वाटलं. हे मी खरं तेच लिहितो आहे.

येळवशीच्या आदल्या दिवशी

पहिल्याच हिवाळ्यात ती माहेरी आली होती. येळवस तोंडावर आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जाऊन जेवतं, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य असतो. नवी सून त्या दिवशी सासरच्या शेतात पाहिजेच. विहीणबाईंचा निरोप आला, "आदल्या दिशी दुपारपर्यंत आणून सोडा."

आम्ही पहाटे निघालो. मानवत रोडच्या स्टेशनावर धुकं असं होतं की फलाटावरून रूळ दिसेनात. लढाईची वर्षं. गाड्या आधीच कमी झालेल्या. मास्तर म्हणाले, "गाडी मागं कुठं उभी हाय त्याचा पत्ता न्हाई. शेकत बसा." हमालांनी पेटवलेल्या ओल्या काटक्यांचा धूर धुक्यात मिसळत होता. महानंदा दोन हातांनी नाक-तोंड झाकून बसली होती. मला तिची शिट्टी ऐकू यायला लागली. माझीही चालू झालीच होती. आम्ही दोघं बापलेक शेजारी शेजारी बसून एकमेकांपासून आपली धाप लपवत होतो.

गाडी आली तेव्हा ऊन वर आलं होतं. परभणीच्या पुढच्या लहान स्टेशनावर उतरलो तर सासरची बैलगाडी वाट बघून परत गेलेली. दुसरी ठरवली. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पडून गेलेला, काळ्या रानातली वाट चिखल झालेली. कोसभर गेल्यावर चाक आसापर्यंत रुतलं. गाडीवान बैलांना शिव्या घालत खाली उतरला आणि मदतीला माणसं बघायला गेला.

तिथं, त्या अडकलेल्या गाडीत महानंदाचा दम कोंडला. ओठ जांभळे पडले. मान पुढं काढून ती हवेसाठी तोंड उघडत होती आणि हवा शिरत नव्हती. मी चिलीम पेटवून तिच्या तोंडाशी धरली, पण झुरका घ्यायलाही श्वास लागतो. तेव्हा पिशवीत पानांबरोबर जे होतं ते मी चुरून गुळातून तिला दिलं. थोड्या वेळानं पुन्हा दिलं. काय आणि किती, ते मी इथं लिहिणार नाही. कुणी करू नये म्हणून लिहिणार नाही.

तिचा श्वास सुटला. गाडी निघाली तेव्हा तिचा चेहरा लालभडक झाला होता आणि ती हसत होती. मी महादेवाचे आभार मानले.

अंगणात

ताडकळसला पोचलो तेव्हा दिवे लागले नव्हते. अंगणात उद्याची तयारी चालली होती. महानंदा गाडीतून उतरली आणि कडुनिंबाच्या झाडाजवळ जाऊन त्याला "आई, इकडं सरक की," म्हणाली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. मग ती हवेतून काहीतरी वेचायला लागली. चिमटीनं वेचायचं, दुसऱ्या हातात ठेवायचं. ती कापूस वेचत होती. तिच्या डोळ्यांतली बाहुली एवढी मोठी झाली होती की बाकी डोळा उरलाच नव्हता.

विहीणबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बया, ही काय करायलीय?"

व्याही माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "ईवाई, पोरगी अशी कवापासून हाय?"

"गाडीत थंडी लागली," मी म्हणालो.

"थंडीनं माणूस झाडासंगं बोलतंय व्हय?"

त्या वेळी मला सगळं समजलं होतं. चिलीम जास्त झाल्यावर मलाही कधी भिंतीवर मुंग्या दिसल्या होत्या. हे वेड धोतऱ्याचं आहे, दोन दिवसांत उतरेल, हे मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर धोतरा का दिला ते सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, वेड उतरेल, दमा उतरणार नाही. मग वेडच असू दे. आणि गप्प राहिलो.

महानंदा त्या अंगणात वाटेल ते बोलली. जिनातली भांडणं बोलली, आईनं लपवून ठेवलेल्या लाडवांचं बोलली, नवऱ्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली. एवढ्या बरळण्यात दम्याचा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. कापूस वेचता वेचता तिचा एक हात गळ्याशी जात होता आणि तिथं घट्ट मिटत होता.

दुसऱ्या दिवशी सगळं घर शेतात गेलं. तिला कोठीच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती. मी कडीजवळ बसून होतो. आत ती कुणाला तरी आंबील वाढत होती. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, आणि व्याह्यांनी गाडी जुंपायला सांगितली. "आमचा एकुलता एक हाय, ईवाई. तुमी जाणते हाव. सांगून दिली असती तर गोष्ट येगळी."

जावई दारात उभे होते. महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं पाहत होतो.

सहा वर्षं

वेडी म्हणून परत आलेली मुलगी गावात कशी राहते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. हळदी-कुंकवाला बोलावणं नाही. विहिरीवर बायका घागर अंतरावर ठेवत. दोन वर्षांनी ताडकळसला दुसरी सून आल्याची बातमी कळली.

कमळानं मला विचारलं होतं, "तुमी तिला वाटंत काय दिलं?"

"काही नाही."

"लोक पोरीला वेडी म्हणतेत आन तुमी ऐकून घेता. कसले बाप तुमी?" तिला बाकी काही माहीत नव्हतं, तरी त्या दिवसापासून तिनं माझ्या अंथरुणाला हात लावला नाही. मला धाप लागली की ती उठून बाहेर जाई.

उठायची ती महानंदा. ती खडे मीठ फडक्यात बांधून तव्यावर गरम करायची आणि त्या पुरचुंडीनं माझी छाती-पाठ शेकायची. आमच्या घरात हे पूर्वी कुणी करत नव्हतं. त्या शेकानं फार बरं वाटायचं. ती हे कुठून शिकली असं मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. ती फारसं बोलायची नाही, आणि ती बोलत नाही याचं मला बरंच वाटायचं.

दवाखाना

गेल्या थंडीत माझी नखं काळी पडली आणि जिनातल्या लोकांनी मला परभणीला नेलं. सुई टोचल्यावर काही वेळानं मला माणसं दिसायला लागली. लोखंडी खाटा, भिंतीला चुना. पहाटे फिनेल टाकून फरशी पुसायचे, त्या वासानं माझी छाती पुन्हा आवळायची आणि मी दोन हात टेकून बसून राहायचो. शेजारचे टांगेवाले कंबरेच्या हाडानं जायबंदी होते. ते म्हणायचे, "आप्पा, भाता लोहाराकडं दुरुस्तीला न्यायचा, हितं काहून आणला?" हसलो की मला खोकला यायचा. मग तेच हात जोडायचे, "चुकलं, चुकलं. हसू नगा." तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली उशी माझ्या मांडीवर फेकली. "मला उताणंच पडायचं हाय. तुमाला टेकायला हुईल."

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. मराठी तुटक बोलायचे पण प्रश्न सरळ विचारायचे. "घरात हा मर्ज आणखी कुणाला आहे?"

"कुणाला नाही," मी म्हणालो. विचार करून बोललो नाही. इतक्या वर्षांचं ते उत्तर आपोआप तोंडातून आलं.

महानंदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं गळ्याशी हात नेला, मग खाली घेतला. "हाय," ती म्हणाली. "मला हाय. नऊ वर्षांची असल्यापासून."

सगळी खोली ऐकत होती असं मला वाटलं. खरं तर कुणीच ऐकत नव्हतं. टांगेवाले घोरत होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं, जसं नाव-गाव लिहितात तसं, आणि काय काय इलाज केले ते विचारलं. मी धोतऱ्याचं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "धोतऱ्यानं वेडे झालेले लोक आमच्याकडं येतात. काही परत जात नाहीत. तुमची लडकी वाचली."

महानंदाला पुढं गोळ्या दिल्या. मलाही दिल्या. तेवढ्या आधी मिळाल्या असत्या तर इतकी वर्षं देवळामागं बसावं लागलं नसतं. परभणी काही फार लांब नव्हती.

पुन्हा त्याच अंगणात

फाल्गुनात चालता यायला लागलं तेव्हा मी ताडकळसला गेलो. एकटाच. विहीणबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या, व्याही दोरखंड वळत होते. बसा म्हणाले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. धुकं, अडकलेलं चाक, गूळ, आण.

विहीणबाईंचं सूप थांबलं. "दमा व्हता व्हय तिला?"

"होय."

"नुसता दमा?"

"होय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आवं, माझ्या सासूला व्हता की दमा. तुमी उभे हाव तितंच बसून असायच्या. अकरा वर्षं म्या त्यांची छाती शेकली, मिठाच्या पुरचुंडीनं. दम्याची म्हणून कोण सून टाकतंय? वेडीचं भ्याव वाटतंय माणसाला. हिरीत पडंल, घर जाळंल, ह्याचं भ्याव." त्यांचा आवाज चढला. "लय गुणाची व्हती ओ पोर. माझ्या पोरानं दोन म्हैने पोटभर खाल्लं न्हाई."

व्याही दोरखंडाकडं बघत म्हणाले, "एक शब्द बोलला असता, ईवाई."

आतून लहान लेकराच्या रडण्याचा आवाज आला. विहीणबाई उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "चा घेऊन जावा. उपाशी जाऊ नगा." त्यांच्या हातचा तो चहा मी प्यालो. त्याच्याइतकं कडू मी आयुष्यात काही प्यालेलो नाही, आणि त्यात गूळ चांगला भरपूर होता.

पुरचुंडी

घरी आलो तेव्हा प्रवासानं छाती भरली होती. महानंदानं न विचारता तवा ठेवला, मीठ फडक्यात बांधलं. मी त्या पुरचुंडीकडं बघत राहिलो. सहा वर्षं ती माझ्या छातीवर फिरत होती.

"तुला सासूनं शिकवलं हे," मी म्हणालो.

"हां."

"त्यांच्या सासूचं सांगितलं होतं?"

"दुसऱ्याच म्हैन्यात. म्हाताऱ्या आत्याबाईंची गोष्ट सांगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या."

"मग बोलली का नाहीस, पोरी? त्यांना सांगितलं असतंस तर…"

तिनं पुरचुंडी आपल्या गालाला लावून पाहिली, जास्त तापली नाही ना म्हणून. "आण तुमी घातली व्हती, आप्पा. तुमी सांगेपर्यंत न्हाई, असं म्हणायला लावलं व्हतं. त्या दिशी मला समदं दिसत व्हतं, खरं आन खोटं एकातएक. पर तुमी उभे हाव हे खरं हाय, एवढं कळत व्हतं. म्हटलं, आता सांगतेल." तिनं पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. "लय वाट बघितली. मग दवाखान्यात माझी आण म्याच सोडवून घेतली."

मला काही बोलता आलं नाही. श्वास नव्हता म्हणून, असं म्हणायची मला सवय आहे. त्या वेळी श्वास होता.

"पाठ करा इकडं," महानंदा म्हणाली, "निवायलीय."

मी पाठ केली.